रोहित मागून येतोय

माजुलीला मी अजून गेलेलो नाही. पण माजुलीला कसं जावं, हे माझ्याइतकं पुण्यात दुसऱ्या कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. जोरहाटपर्यंत विमान, तिथून निमाती घाट, घाटावरून फेरीबोट, ब्रह्मपुत्रेतलं ते बेट, बेटावरची सत्रं म्हणजे वैष्णव मठ, सामागुरी सत्रातले मुखवटे करणारे कारागीर, सगळं माझ्या एक्सेल फाइलमध्ये मिनिटामिनिटाच्या हिशेबाने मांडलेलं आहे. २०१६ साली माजुलीचा जिल्हा झाला तेव्हा ही फाइल तीन वर्षांची होती. दर पुरात बेट थोडं थोडं खचतं असं कुठे वाचलं, की मी फाइलमध्ये एक रकाना वाढवतो. बायको म्हणते, "तुमचं ठरेपर्यंत बेट टिकलं म्हणजे मिळवली."

हिशेबनीस माणसाला प्रवासाची हौस असली की असंच होतं. तो प्रवासाचा ताळेबंद आधी लिहितो आणि प्रवास पुढच्या आर्थिक वर्षात ढकलतो. तरी ऑफिसात माझी ख्याती या फाइलवरच उभी होती. कुणी कोकणात निघालं की मला विचारून निघायचं. मी कोकणातही फारसा गेलेलो नाही, पण ते कुणी विचारलं नाही.

तर २०२४ च्या नोव्हेंबरात जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला. दोन दिवस कुठेतरी जाऊ. नदीकाठी, आडबाजूला. थोडा निसर्ग, थोडी संस्कृती. साहेब म्हणाले, "जिथे मोबाइलला रेंज नाही असं काहीतरी." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माजुलीचा एकूण खर्च सांगितला. सगळ्यांनी पुन्हा डब्यात पाहिलं. आणि त्या शांततेत, आपली ख्याती डोळ्यांदेखत बुडतेय हे सहन न होऊन, मी बोललो, "ब्रह्मपुत्रा कशाला? आमच्या भीमेला चला. माझं गाव कळस. उजनीच्या बॅकवॉटरलाच आहे."

इथे एक कबुली देऊन टाकतो. कळस बॅकवॉटरला नाही.

इंदापूर तालुक्याचा नकाशा काढला तर वरच्या अंगाने भीमा जाते, खालच्या अंगाने नीरा, आणि दोघी तालुक्याच्या टोकाला नरसिंहपुरात भेटतात. म्हणजे तालुका दोन नद्यांच्या बेचक्यात आहे, हे खरं. पण बेचक्याच्या बरोबर मधोमध, दोन्हींपासून अंतर राखून, जो कोरडा माळ आहे तिथे आमचं कळस. दोन सधन भावांच्या मधल्या भावासारखं. पाहुणे दोघांकडे जेवतात आणि याच्या ओट्यावर हात वाळवतात. आमच्याकडे पाणी यायचं ते खडकवासल्याच्या कालव्यातून, तेही टेलला. टेल म्हणजे कालव्याचं शेपूट. वरचे सगळे भिजले आणि काही उरलंच तर आमच्यापर्यंत. दोन माणसं चावडीजवळ भेटली की 'बरंय का' नंतर विचारायची, 'पाणी सुटलं का' आधी. दहावीनंतर मी पुण्याला आलो. भीमा मी तोवर पाहिली होती ती एसटीच्या खिडकीतून, पळसदेवच्या आसपास, धावती. आणि बायकोचं माहेर करमाळा तालुक्यात, म्हणजे बरोबर पाण्यापलीकडे. सासुरवाडीला बोटीने तासाभरात जाता येतं, पण मला पोहता येत नाही, त्यामुळे गेली अठरा वर्षं मी टेंभुर्णीवरून वळसा घालतो.

असा हा भीमाकाठचा माणूस सहा जणांना भीमा दाखवायला निघाला.

नियोजनाला वेळ कमी होता. पण फाइल तयार होती ना! मी माजुलीची फाइल उघडली आणि शोधा-बदला ही कळ दाबली. ब्रह्मपुत्रेच्या जागी भीमा. निमाती घाटाच्या जागी कुंभारगाव. सत्राच्या जागी देऊळ. संगणकाने सांगितलं, एकशे सदतीस बदल झाले. इतक्या झटक्यात ब्रह्मपुत्रेचं पाणी भीमेत वळवण्याचं काम आजवर कुठल्या पाटबंधारे खात्यालाही जमलं नसेल. मुखपृष्ठावर एक जबरदस्त फोटो टाकला. पळसदेवचं पाण्याखाली गेलेलं पळसनाथाचं देऊळ, जोती, खांब, शिखर, सगळं उघड्यावर, भोवती भेगाळलेला गाळ. खाली ओळ: 'हे आपण पाहणार आहोत.' दुसऱ्या पानावर शेकडो रोहित पक्ष्यांचा गुलाबी फोटो. खाली तीच ओळ.

फाइल सगळ्यांना धाडली. साहेबांनी 'उत्कृष्ट' म्हणून अंगठा पाठवला.

डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी दोन गाड्या निघाल्या. पहिलीत मी, साहेब, कॅशमधल्या मॅडम आणि यंदाच चिकटलेला ट्रेनी पोरगा. दुसरीत आमचे ऑडिटवाले आणि बिलिंगचे दोघे. ऑडिटवाल्यांना मी म्हटलं होतं, मागोमाग या. ते म्हणाले, "मागोमाग कशाला? मॅप आहे की."

पाऊण तासात त्यांचा फोन. "पोहोचलो आम्ही! गाव बरंच सुधारलंय हो तुमचं. एटीएम आहे, डॉमिनोज आहे..." ते आळंदी रोडवर होते. विश्रांतवाडीजवळच्या कळसमध्ये. पुण्यातच. पुण्यात कळस आहे, अकोले तालुक्यात कळस आहे, आमच्या इंदापुरात कळस आहे, आणि शिवाय इंदापुरात अकोलेही आहे. ज्याने कुणी ही नावं वाटली त्याच्याकडे स्टॉक कमी होता. मी म्हटलं, इंदापूर टाका, पुढे कळस टाका.

आम्ही पुढे भिगवण गाठून आत वळलो आणि उसाच्या डबल ट्रॉलीमागे अडकलो. डिसेंबर म्हणजे गाळपाचा हंगाम. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांच्या दुप्पट रुंद ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर दोन भोंगे, त्यातून डॉल्बीची गाणी. ओलांडायला जावं तर समोरून दुसरा, तो वेगळं गाणं लावून. फाइलमध्ये या अंतराला पंचवीस मिनिटं दिली होती. ट्रेनी मागून म्हणाला, "सर, आपण आत्ता 'सत्रातील सायंप्रार्थना' या ओळीवर असायला पाहिजे होतं." एकशे सदतीस बदलांतून ही ओळ सुटली होती. मी म्हटलं, "सत्र म्हणजे... सत्र दोन. दुपारचं सत्र."

अंधार पडला आणि ऑडिटवाल्यांचा पुन्हा फोन. मी स्पीकरवर घेतला.

"अहो, रस्ता संपलाय."

"संपलाय म्हणजे?"

"म्हणजे पाण्यात गेलाय. समोर सगळं पाणीच पाणी आहे. गाव कुठंय?"

"पाणी?" मी ओरडलो. "मग ते कळस नव्हेच! आमच्या कळसला कुठलं आलंय पाणी!"

गाडीत शांतता. साहेबांनी हळूच आवाज बंद केलेल्या रेडिओची कळ उगाच फिरवली. मॅडम म्हणाल्या, "पण बॅकवॉटरला..." आणि पुढचं सभ्यपणे गिळलं.

ऑडिटवाले कळाशीला गेले होते. कळस नव्हे, कळाशी. तेही इंदापुरातच, आणि खरोखर बॅकवॉटरला. म्हणजे मी ज्या गावचं वर्णन केलं होतं त्या गावात ते बिनचूक पोहोचले होते. चूक गावाची होती.

रात्री साडेनऊला सगळे आमच्या घरी जमले. काकी दारात. मी महिनाभर सगळ्यांना सांगत होतो, चुलीवरची बाजरीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी, ठेचा, अस्सल. साहेब तर शेंगोळीसाठी दुपारचं जेवणही नावापुरतं जेवले होते. काकीने पानं वाढली. पावभाजी. वर अमूल बटरचा चौकोन.

मी तिला आत गाठलं. "काकी, शेंगोळी सांगितली होती ना?"

"आरं लेका, पुण्याची पाव्हणी, तुजं सायब, आन् त्यास्नी हुलगं घालू व्हय? हुलगं घोड्याला घालत्यात. भाऊकी तोंडात शेण घालंल माज्या."

साहेबांनी चार पाव खाल्ले. म्हणाले, "चव वेगळीच आहे हं गावाकडची." पाव भिगवणच्या बेकरीतला होता.

दोन वाजता चुलतभाऊ बापू उठला, बॅटरी आणि काठी घेऊन. शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती, दारं धरायला गव्हात जायचं होतं. ट्रेनीला वाटलं, रात्रीची सफारी. निघाला त्याच्या मागे. बापूने त्याला वाटेत सहज सांगितलं, की हल्ली उसात बिबट्या असतो. पोरगं अर्ध्या तासात परत आलं आणि माझ्या सतरंजीच्या मध्यावर झोपलं.

चारला मी सगळ्यांना उठवलं. फाइलमध्ये मोठ्या ठळक अक्षरांत ती ओळ होती: 'सूर्योदय ०५:५०. नावेतून. चुकवू नये.' काकी म्हणाली, "एवढ्या रातीचं कुटं?" मी म्हटलं, "सूर्योदय बघायला." ती म्हणाली, "कुनाचा?"

सव्वापाचला आम्ही कुंभारगावच्या काठावर. थंडी अशी की बोलताना दात मध्ये बोलत होते. पाण्याचा वास येत होता, पाणी दिसत नव्हतं. पाच पन्नासला सात जण कॅमेरे रोखून पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले. पूर्व कुठे, हे मीच सांगितलं होतं, आणि तेवढं बरोबर निघालं. पाच पंचावन्न. सहा. सहा दहा. साहेब म्हणाले, "ढग आले असावेत." डोक्यावर चांदण्या खच्चून भरल्या होत्या. बिलिंगच्या दोघांपैकी एकाने मोबाइलवर गाणी लावली, मॅडमनी डोळ्यांनीच बंद करायला लावली. एक कुत्रं येऊन आमच्या रांगेत बसलं आणि तेही पूर्वेकडे बघू लागलं.

ऑडिटवाले मात्र फाइल वाचत होते. मोबाइलच्या उजेडात, चष्मा कपाळावर सरकवून, व्हाउचर तपासावं तसे. सहा पंचवीसला त्यांनी घसा साफ केला.

"एक शंका. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सहाच्या आत उगवतो तो आसामात. घड्याळ देशभर एकच, त्यामुळे."

कुणी काही बोललं नाही.

"दुसरं, पान चार, ओळ बावीस. 'मुखवटे करणाऱ्या कारागिरांशी गप्पा.' हे कारागीर कुंभारगावात कुठे बसतात?"

"..."

"आणि तिसरं. 'जळवांसाठी प्रत्येकी अर्धा किलो मीठ सोबत असावं.' इथे जळवा आहेत?"

मॅडमनी पर्स उघडली आणि मिठाची पिशवी काढून बाजूच्या दगडावर ठेवली. एकामागून एक सहा पिशव्या आल्या. मी स्वतः आणलं नव्हतं. मला माहीत होतं, भिगवणला जळवा नाहीत. मला फक्त फाइलमध्ये त्या आहेत हे माहीत नव्हतं.

नावाडी पावणेसातला आला. भोयाचं पोर, तिशीचं, कानाला मफलर. आम्हाला असं रांगेत बघून थबकला. "सात म्हनलं हुतं ना साहेब? रातीपास्नं हितंच हाय का काय?"

आणि मग सूर्य आला. त्याचं वर्णन मी करणार नाही. माझा अधिकार नाही.

नाव निघाली. आता निदान पक्ष्यांच्या बाबतीत तरी पत राखावी म्हणून मी दुर्बीण गळ्यात, मराठी पक्षीकोश मांडीवर, असा पुढच्या फळीवर बसलो आणि नावाड्याला भारदस्त आवाजात विचारलं, "रोहित कुठे दिसतील?"

"कोन?"

"रोहित. रोहित कधी येणार?"

त्याने इंजीन बारीक केलं. मागे काठाकडे पाहिलं. "मागनं गाडीनं येतोय का? मग आदी सांगायचं न्हाई का. थांबू या त्याच्यासाठी."

"अहो, रोहित पक्षी! अग्निपंख!"

"आसं व्हय, फ्लेमिंगो म्हना की!" तो खळखळून हसला. "मला वाटलं तुमचा पोरगा."

त्यानंतर तासभर मी त्याची बोलणी मराठीत आणि तो माझी इंग्रजीत दुरुस्त करत होता. मी कोश उघडून म्हणे, तो पाहा मीनघार. तो म्हणे, "ऑस्प्रे. मच्छी धरल बगा आता." मी म्हणे शेकाट्या, तो म्हणे स्टिल्ट. मी म्हणे चक्रवाक, तो म्हणे, "रूडी शेलडक, बदकच हाय." दहावीपर्यंत शिकलेला भोई आणि कळसचा निघून गेलेला पोरगा. दोघांच्या भाषांच्या मध्ये साहेब बसले होते, त्यांना दोन्ही कळत नव्हत्या. पट्टकदंबांचा एक थवा डोक्यावरून गेला, तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, हे हंस हिमालय ओलांडून दर हिवाळ्यात इकडे येतात. मॅडम म्हणाल्या, "वेळेवर?" आणि ऑडिटवाल्यांकडे बघितलं. ते म्हणाले, "त्यांना कुणी फाइल दिलेली नसते."

फ्लेमिंगो मात्र नव्हते. एकही नाही. "धरान टच्च भरलंय नव्हं," नावाडी म्हणाला. "त्याला गुडघाभर पानी लागतंय. मान उलटी घालून चिखल गाळतो त्यो. पानी उतारलं, गाळ उघडा पडला, की आपसूक येतोय. आत्ता आला तर उबा कुटं र्‍हानार?" हे त्याने अगदी सहज सांगितलं. पक्षी गुलाबी का असतो तर त्या गाळातल्या शेवाळामुळे आणि बारीक किड्यांमुळे, हे मला माहीत होतं. तो उभा कुठे राहतो हा प्रश्न मला पडलाच नव्हता. माझ्या फाइलमध्ये शेकडो रोहित होते आणि पाणीही शंभर टक्के होतं, दोन वेगवेगळ्या पानांवर.

इतक्यात ट्रेनी ओरडला, "सर, गुलाबी!"

दूर बाभळीच्या बुडत्या फांदीवर एक उंच पक्षी. पाठीकडे खरोखर गुलाबी पिसं. मी दुर्बीण लावली, मनातल्या मनात देवाचे आभार मानले, आणि जाहीर केलं, "रोहित! एकटा आलाय, पण आलाय!" पटापट फोटो. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. नावाडी बराच वेळ गप्प होता. मग खालच्या आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, त्यो पेंटेड स्टॉर्क हाय. हितं भादलवाडीच्या तळ्यावं झाडं भरून घरटी असत्यात त्याची. सांगू का त्यांला, का र्‍हाऊ द्या?"

ऐकू मात्र ऑडिटवाल्यांनाही गेलं. चित्रबलाक. कोशात पान होतं, मी ते ओलांडून गुलाबीकडे धावलो होतो.

उतरताना मॅडमनी पाण्यात हात घातला आणि लगेच काढला. "एवढं हिरवं का हो पाणी? आणि वास?"

"तुमी कुटलं?"

"पुण्याचे."

"मंग तुमचंच हाय," नावाडी म्हणाला. रागाने नव्हे. पावती फाडून द्यावी तसं. मुठेत सोडलेलं मुळा-मुठेत, तिथून रांजणगाव सांडसला भीमेत, भीमेतून इथे. त्यावर जलपर्णी पोसते, शेवाळ पोसतं. मी मनात हिशेब मांडला. खडकवासल्याचं पाणी आधी आम्ही पुण्यात पितो. उरलेलं कालव्याने कळसला जातं, टेलला, उरलं तर. आणि वापरलेलं नदीने उजनीला येतं, कधीही न चुकता. म्हणजे मी ज्या आडबाजूच्या नदीच्या शोधात आलो होतो, तिथे मी इतकी वर्षं रोज सकाळी काही ना काही पाठवत होतो.

मग पळसदेव. तिथे नावाड्याच्या पाहुण्याची बोट होती. हा पोक्त माणूस, कमी बोलणारा. बोट बरीच आत नेली, इंजीन बंद केलं आणि म्हणाला, "हे देऊळ."

आम्ही चहूबाजूंनी पाहिलं. पाणी.

"कुठे?"

त्याने बोट खाली केलं. "ह्ये काय. आपन वरच हाय."

धरण १९८० साली उभं राहिलं. जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं, गाव उठून महामार्गालगत आलं, देऊळ राहिलं खाली. पाणी खूपच उतरलं तर उन्हाळ्यात शिखर दिसतं, दुष्काळ पडला तर देवळात चालत जाता येतं. मी मुखपृष्ठावर लावलेला फोटो २०२४ च्याच मे महिन्यातला होता. उजनी तेव्हा उणे साठ टक्क्यांच्या घरात होती.

"उणे?" साहेब म्हणाले. "पाणी उणे कसं असेल?"

हे मात्र मला येत होतं. आम्ही हिशेबाचे लोक. उजनीत पाणी मावतं ११७ टीएमसी. त्यातलं त्रेसष्टच्या वर मृतसाठा, आणि उपयुक्त म्हणून धरायचं ते फक्त त्रेपन्न. शून्य टक्के म्हणजे धरण रिकामं नव्हे, मृतसाठा शिल्लक. तिथून खाली उपसलं की उणे. पंढरपूर-सोलापूरला प्यायला सोडावंच लागतं, मग वर्तमानपत्रात येतं, उजनी मायनसमध्ये. मॅडम पटकन म्हणाल्या, "ओव्हरड्राफ्ट!" त्या सहलीत सगळ्यांना कळलेली ही एकमेव गोष्ट.

"म्हणजे देऊळ बघायचं तर पाणी उणे पाहिजे," ऑडिटवाले म्हणाले, "आणि फ्लेमिंगो बघायचे तर पाणी अर्ध्यावर. आपण आलोय पाणी पूर्ण असताना. दोन्ही चुकायला हा एकच महिना होता का?"

ट्रेनीने फोटोसाठी लाइफ जॅकेट काढलं. त्या पोक्त माणसाने हातातलं वल्हं खाली ठेवलं. "घाल ते." पोराने हसत काहीतरी म्हटलं. "घाल आदी." मग थोडा वेळ थांबून त्याने सांगितलं. ज्या मे महिन्यात देऊळ उघडं होतं, त्याच मे महिन्यात संध्याकाळी वावटळ उठली. कुगाववरून कळाशीला येणारी बोट उलटली. सहा माणसं गेली.

ऑडिटवाले आदल्या रात्री त्याच कळाशीला, रस्ता पाण्यात जातो तिथे, हेडलाइट लावून उभे होते. त्यांनी आपल्या जॅकेटचा पट्टा एक घर आवळला. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. बोट आपसूक हळूहळू फिरत होती.

मग साहेबांनी खाली वाकून पाण्याला हात जोडले. मॅडमनी विचारलं, "शिखर नक्की कुठल्या बाजूला?" आणि माझा स्वभाव बघा. इतकं सगळं होऊनही मी बोट दाखवलं, "तिथे, जरा डावीकडे."

"तिकडं गोठा व्हता आमचा," नावाडी म्हणाला.

सगळ्यांचे जोडलेले हात गोठ्याच्या दिशेने होते. त्यांनी ते सावकाश उजवीकडे वळवले.

काठ आला. निदान उतरताना तरी गावचा माणूस दिसावं म्हणून मी बोट टेकायच्या आधी उडी मारली. उजनीचा गाळ वरून वाळलेला दिसतो, शेणाने सारवलेल्या अंगणासारखा. गुडघ्यापर्यंत गेलो. एक पाय निघाला, एक निघेना, मग निघाला तो बुटाशिवाय. मासे निवडत बसलेल्या दोन बायकांनी हात देऊन ओढून काढलं. त्यातल्या एकीने निरखून पाहिलं आणि म्हणाली, "तुमी आमच्या करमाळ्याचं जावई न्हव का? येवडं का भ्याताय, बोटीनं या की कवातरी."

बायकोला ही बातमी माझ्याआधी पोहोचली होती.

भिगवणला चिलापी तळून खाल्ली. हॉटेलात मीठ कमी होतं, आम्ही आमचं घातलं. उरलेलं काकीने ठेवून घेतलं. तीन किलोला थोडं कमी. लोणच्याला होईल म्हणाली.

परतल्यावर मी इमानेइतबारे फाइलमध्ये दुरुस्त्या केल्या. सूर्योदय सात वाजता. जळवा रद्द. मुखवटे रद्द. देऊळ: पाण्याखाली, उजवीकडे. सेव्ह केलं आणि मग लक्षात आलं, की माजुलीची वेगळी प्रत मी ठेवलेलीच नव्हती. अकरा वर्षांचं माजुली भीमेत बुडालं. आता त्या फाइलप्रमाणे कुणी जोरहाटला उतरलं तर तो रिक्षावाल्याला म्हणेल, कुंभारगाव सोडा.

फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी मोबाइलवर फोटो आला. त्या मफलरवाल्या नावाड्याचा. उथळ पाणी, आणि काठापासून क्षितिजापर्यंत गुलाबी. खाली लिहिलं होतं, 'रोहित आला साहेब. गाडीनं न्हाई आला.'

मी फोटो मोठा करून पाहिला. कडेला नाव होती. नावेत सहा जण, सहा नारिंगी जॅकेटं, नीट आवळलेली. पुढच्या फळीवर, माझ्या जागी, मॅडम बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर कसलंही पुस्तक नव्हतं.

दोन मिनिटांनी ऑडिटवाल्यांचा मेसेज आला: 'सूर्योदय ६:५७. प्रत्यक्ष पडताळणी केली.'